लेखी निवेदनाप्रमाणे

१४ एप्रिल

शुन्साकु,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याबद्दल दोन ओळी लिहायची आपली रीत. चेरीचा बहर ओसरला, तुमच्या बेटावर कसं काय, वगैरे. त्या दोन ओळी मी लिहिल्या असं समज. चौदा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या बाईने फुलांबद्दल बोलावं हे मलाच पटेना. तुला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', यात मात्र अर्धी सकाळ गेली. तू आता छत्तीस वर्षांचा बाप्या असशील. पण माझ्या डोळ्यांसमोर काळ्या कोटाच्या बाह्या आखूड झालेला बावीस वर्षांचा मुलगाच येतो, म्हणून 'तू'.

मी मिसाओ निशिओका. विद्यापीठात कायद्याच्या वर्गाला तोंडी युक्तिवाद शिकवायचे, आणि शेवटच्या वर्षाला तुला नापास केलं, ती. ३१ मार्चला निवृत्त झाले. हा पत्ता जुन्या पटावरून घेतला आहे. तू अजून तिथेच आहेस की नाही, ठाऊक नाही.

निवृत्त माणसाने सकाळी कुठेतरी जावं लागतं, नाहीतर घरातली मांजरही आपल्याला हुसकावते. म्हणून गेल्या गुरुवारी जिल्हा न्यायालयात जाऊन बसले. दिवाणी दालन, दहाची वेळ. खरं सांगते, त्याआधी त्या दालनात मी कधी गेले होते ते आठवत नाही. वीस वर्षं सहज झाली असतील. शिकवायचे ते पुस्तकांवरून, आणि तरुणपणी परदेशात काढलेल्या एका वर्षावरून. तिथले वकील तासन् तास बोलायचे, हातवारे करायचे, आणि मी मागच्या बाकावर बसून तोंडात बोट घालायचे. परत आल्यावर इथल्या मुलांना तसं बोलायला शिकवायचं माझ्या डोक्यात बसलं. पुढे सामान्य माणसांना न्यायाधीशांच्या शेजारी बसवणारा कायदा येऊ घातला, तेव्हा सगळीकडे एकच हाकाटी झाली की आता वकिलांना बोलता आलं पाहिजे. मग माझं फावलंच.

तर गुरुवारी मी पाहिलं ते असं. पंचवीस मिनिटांत सात खटले. वकील उभे राहतात, कमरेत वाकतात, "लेखी निवेदनाप्रमाणे समजावं" म्हणतात आणि बसतात. दुसरा वकील उठतो, वाकतो, "लेखी निवेदनाप्रमाणे समजावं" म्हणतो, बसतो. न्यायाधीश म्हणतात, "ठीक. पुढची तारीख?" मग सगळे आपापल्या डायऱ्या काढतात. सगळ्यात जास्त वेळ तारीख ठरवायला लागतो.

तिसरा वकील उठून तेच म्हणाला, तेव्हा माझ्या हातातली छत्री खाली पडली. सगळ्यांनी वळून पाहिलं.

कारण पहिल्याच तासाला मी वर्गाला सांगितलं होतं, "पुस्तकं मिटा. खऱ्या न्यायालयात कसं बोलतात ते जाऊन बघा, आणि परीक्षेत तसं बोला." दर वर्षी सांगायचे. छान वाटायचं वाक्य. चोवीस मुलांतलं कुणी खरोखर जाईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

२३ जानेवारीला तुझी पाळी आली. विषय होता घरमालक आणि घर खाली न करणारी म्हातारी भाडेकरीण. तू म्हातारीचा वकील. प्रत्येकाला दहा मिनिटं. आठव्या मिनिटाला एक घंटा, दहाव्याला दोन. तू उभा राहिलास, वाकलास, स्वच्छ आवाजात "लेखी निवेदनाप्रमाणे समजावं" म्हणालास आणि बसलास. घंटावाल्या मुलीने घड्याळ बघून सांगितलं, "बारा सेकंद." अख्खा वर्ग खो खो हसला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, पोरगं माझी टिंगल करतंय.

माझ्या गुणपत्रकावर पाच रकाने होते, प्रत्येकी वीस गुण. आवाज, नजर, मांडणी, वेळ, प्रश्नोत्तरं. मी पाचही रकान्यांत शून्य लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. वास्तविक आवाजाचे तरी द्यायला हवे होते. तुझा आवाज चांगला होता.

एवढंच विचारायचं आहे: ती थट्टा होती, की तू खरंच न्यायालयात जाऊन, बघून आला होतास?

मिसाओ निशिओका


२ जून

शुन्साकु,

काल पेटी मिळाली. जाड सालीची उन्हाळी संत्री, अठ्ठावीस. चिठ्ठी नाही. तळाशी पुन्हा पुन्हा हात घालून पाहिला, सालीचा वास तेवढा बोटांना राहिला. म्हणजे पत्ता बरोबर आहे, तू आहेस आणि तुला काही बोलायचं नाही. तरी पेटी पाठवलीस. रिकाम्या हाताने राहायची आपल्याकडे सोय नसते, तेव्हा चहाचे दोन डबे वेगळे पाठवले आहेत. त्यातही चिठ्ठी घातलेली नाही, फिटंफाट.

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं नव्हतं. आता सांगते.

तू त्या वर्षी न्यायालयाच्या कारकुनाची परीक्षा पास झाला होतास आणि एप्रिलपासून कामावर रुजू होणार होतास, हे मला माहीत होतं. गुण लावताना माहीत होतं. बाकी सगळे विषय पुरे झाले होते, माझ्या एका विषयावर तुझी पदवी अडली होती, हेही माहीत होतं. फेब्रुवारीत अशी मुलं येतात. दारावर टकटक करतात, कोट घालून येतात, नव्वद अंशात वाकतात, कुणाची तरी आई मिठाईचा खोका घेऊन येते. मी त्यांना दहा मिनिटं बोलून घेते आणि पास होण्यापुरते साठ गुण देते. सगळेच देतात. तुझ्यासाठीही मी साठ ठरवून ठेवले होते. तू येशील, मान खाली घालून चूक झाली म्हणशील, आणि मी उदार मनाने खोडून लिहीन. हरकत नोंदवायचा आठवडा होता, तो अख्खा आठवडा मी खोलीत हीटर लावून बसले होते. जेवायलासुद्धा खाली गेले नाही.

तू आला नाहीस. मला त्याचा राग आला, आणि त्या रागावर मी चौदा वर्षं काढली. मार्चअखेर तू नाव काढून घेतल्याचं कचेरीतून कळलं, तेव्हा "ताठा फार" असं मी मोठ्याने म्हणाले होते. आता हे लिहिताना कानशिलं गरम झाली आहेत.

आणखी एक. नापास झालेल्यांचे कागद मी जपून ठेवत आले. कधी वाद निघाला तर हाताशी असावेत म्हणून. वाद कधीच निघाला नाही. खोली रिकामी करताना तुझी फाईल वर आली. तिच्यात गुणपत्रक आहे, आणि मागच्या बाजूला मीच छापून घेतलेले नियम. नियम चौथा: परीक्षकाने प्रत्येक विद्यार्थ्याला किमान दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. मी तुला एकही विचारला नाही. म्हणजे परीक्षा तू अर्धवट सोडली नव्हतीस, मी सोडली होती.

आणि पत्रकाखाली तुझं लेखी निवेदन होतं, नऊ पानं. टाचणी जशीच्या तशी. ते मी चौदा वर्षांत उघडलेलं नव्हतं. परीक्षा तोंडी आहे, कागद कशाला बघायचा, असा माझा खाक्या.

काल रात्रीचं जेवण बाजूला ठेवून वाचलं. पहिली तीन पानं तू घरमालकाचं म्हणणं लिहिलं आहेस. इतकं नीट, इतकं त्याच्या बाजूने, की मला वाटलं चुकून दुसऱ्या पक्षाचा कागद हाती आला. त्याचं कर्ज, त्याच्या सुनेचं बाळंतपण, छपराची गळती. आणि मग चौथ्या पानावर तू लिहितोस, "हे सर्व खरे आहे. तरीही." त्या 'तरीही'नंतर जे येतं ते वाचताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले. मी पंचेचाळीस वर्षं कायदा वाचते आहे. असं उठून उभं राहण्याची वेळ माझ्यावर दोन-तीनदाच आली असेल.

संत्री ज्या कागदांत गुंडाळली होती ते तुमच्या गावच्या वार्तापत्राचे होते. एकावर लिहिलं आहे: फेरीबोट बंद करण्याच्या प्रस्तावावर २१ जुलैला सरकारी अधिकारी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकणार, समाजमंदिर, दुपारी साडेतीन. तो कागद तू मुद्दाम घातलास की हाताला लागला म्हणून, ते काही कळत नाही.

मिसाओ निशिओका


२२ जुलै

शुन्साकु,

काल मी आले होते.

मागच्या रांगेत, पंख्याच्या बाजूला, टोपी घातलेली बाई होती ती मीच. तुला भेटायचं, तुझ्यापुढे वाकायचं असं ठरवून आले होते, आणि शेवटच्या फेरीत संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांच्या आड बसून परत गेले. पासष्ट वर्षांची बाई पेट्यांच्या आड! बोटीवरच्या खलाशाने विचारलं, "आजी, मळमळतंय का?" हो म्हणाले.

काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण मला काय दिसलं ते तुला ठाऊक नाही, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

तीन अधिकारी, टेबलामागे. समोर जमिनीवर बेटावरची माणसं, प्रत्येकाजवळ जवाच्या गार चहाचा पेला. अधिकाऱ्यांपुढे त्रेचाळीस जणांच्या लेखी म्हणण्यांचा गठ्ठा, त्यावरची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. मधला अधिकारी, तो घामाघूम झालेला, अगदी अदबीने म्हणाला, "आपलं म्हणणं लेखी आलेलंच आहे. तेव्हा ते मांडलं गेलं असं समजू या, चालेल ना?" आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी सवयीने माना लववल्या. दोन मिनिटांत सगळं आटोपणार होतं.

तू उठून उभा राहिलास. "माफ करा. तसं समजू नका."

"म्हणजे?"

"मी एकदा एका ठिकाणी तसं समजायला सांगितलं होतं. समोर बसलेल्यांनी कागद उघडलाच नव्हता. तेव्हापासून मी तसं म्हणत नाही."

तू रागाने बोलला नाहीस. आज वारा कुठला आहे हे सांगावं तसं सांगितलंस. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "कुठे म्हणे असं झालं?" मी म्हटलं, मला काय माहीत.

मग तू अधिकाऱ्यांकडे चक्क पाठ केलीस. मी माझ्या पत्रकावर नजरेला वीस गुण ठेवले होते. त्याचा अर्थ परीक्षकाच्या डोळ्यांत बघून बोलणं. तू वळलास गावकऱ्यांकडे, पहिल्या रांगेतल्या आजीसमोर गुडघ्यांवर बसलास आणि तिचं म्हणणं तिलाच सांगायला लागलास. कागद न बघता. "कियो आजी, तुम्ही म्हणालात की दर महिन्याला दाताच्या डॉक्टरकडे जावं लागतं. फेरी बंद झाली तर कवळी पोस्टाने पाठवावी लागेल, आणि ती परत येईस्तोवर काय नुसती पेज प्यायची? बरोबर?"

"बरोबर. पण पेज नाही म्हटलं मी, मऊ भात म्हटलं."

"मऊ भात," तू अधिकाऱ्यांकडे मान वळवून म्हणालास, "तेवढं दुरुस्त करून घ्या." आणि मधल्या अधिकाऱ्याने दोरी सोडून, पहिला कागद काढून, खरोखर पेनने ते दुरुस्त केलं!

मग दुसरा. मग तिसरा. तो कोळी, इवाओ काका ना? "तुम्ही म्हणालात, मला फेरी लागत नाही, माझी होडी आहे. पण फेरीचा भोंगा वाजला की घरात कुणाशी न बोलता वेळ कळते." काका नुसतेच हुंकारले. बायको गेल्यापासून ते एकटे असतात हे तू सांगितलं नाहीस, ते त्या हुंकारातून सगळ्यांना कळलं. मागे बसलेले हामादा-सान, त्यांचं म्हणणं काय, तर "माझं काही म्हणणं नाही, शेजारच्यांचं बरोबर आहे." तेही तू त्यांच्यापुढे बसून तितक्याच अदबीने सांगितलंस. सगळे हसले, हामादा-सान मात्र ताठ बसले होते. आपलं म्हणणं सरकारदरबारी मांडलं गेलं याचा आनंद त्या माणसाच्या पाठीत दिसत होता.

नक्कल नव्हती. आवाज तुझाच होता, पण प्रत्येकाच्या बोलण्यात तो कुठे थांबतो, कुठे गिळतो, ते सगळं त्यात होतं. आणि तू ज्याच्याकडे बघत होतास, त्याच्याकडे अधिकाऱ्यांना बघावंच लागत होतं. त्रेचाळीस वेळा त्यांनी त्रेचाळीस माणसांकडे पाहिलं. माझ्या पत्रकात हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला सांग.

पाच वाजता गावच्या कर्ण्यावर वेळ कळवणारं ते रोजचं गाणं लागलं. तू अर्ध्या वाक्यात होतास. थांबलास, हात मांड्यांवर ठेवून गाणं संपेपर्यंत बसलास, आणि उरलेलं अर्धं वाक्य जिथलं तिथून उचललंस. मधल्या अधिकाऱ्याच्या सहायकाकडे वेळ संपल्याची चिठ्ठी होती. ती त्याने किती वेळा वर केली आणि किती वेळा खाली ठेवली, मी मोजत होते. नंतर मोजायचं विसरले.

दोन तास. मी आयुष्यात हजारभर मुलांची तोंडी परीक्षा घेतली असेल. माणूस बोलतो म्हणजे काय करतो, हे मला काल त्या समाजमंदिरात जमिनीवर बसून कळलं. भीती वाटावी इतकं ते मोठं होतं.

मिसाओ


९ सप्टेंबर

शुन्साकु,

तुझं उत्तर नाही, आणि ते मागायचा मला हक्कही नाही. तरी हे कळवणं भाग आहे, कारण यात तुझं नाव आहे.

ऑगस्टमध्ये मी विद्याशाखेच्या समितीला लेखी कळवलं: २३ जानेवारीच्या त्या परीक्षेत परीक्षकाने नियम चौथा मोडला, प्रश्न विचारले नाहीत, म्हणून परीक्षा पूर्ण झालेली नाही आणि दिलेले गुण ग्राह्य नाहीत. परीक्षक मी स्वतः. परवा मला बोलावलं होतं.

समितीवर सगळे माझ्या हाताखालून गेलेले. सेगावा तर माझाच विद्यार्थी, आता तुझ्या विषयाचा प्राध्यापक आहे. तो म्हणाला, "बाई, असं पूर्वी कधी झालेलं नाही." दुसरा म्हणाला, "पूर्वी कधी झालेलं नाही म्हणजे आता करणं कठीण." तिसऱ्याने चहा मागवला. मला दहा मिनिटं बोलायला दिली. शुन्साकु, मी फार वाईट बोलले. आवाज फुटेना, कागद हातातून निसटला, टेबलाच्या कडेकडे बघून बोलले. माझ्याच पत्रकावर मला पस्तीस पडले असते. पण मी त्यांना हेही सांगितलं की मुलगा येऊन पाया पडेल म्हणून मी वाट बघत होते. ते लेखी अर्जात नव्हतं.

मग सेगावा म्हणाला, "परीक्षा पूर्ण करून घेता येईल. राहिलेले दोन प्रश्न ज्यांचे होते त्यांनीच विचारावेत. गुण मी लावीन."

तारीख ११ नोव्हेंबर, सकाळी अकरा, तीच खोली. यायचं की नाही ते तूच ठरव. कारकुनाच्या नोकरीची वयाची अट सहा वर्षांपूर्वी उलटली, हे मी पाहून घेतलं आहे. पदवीचा कागद आता तुझ्या काही कामाचा नाही. तुला बोलावण्यात माझाच स्वार्थ जास्त आहे, तो मी लपवत नाही.

निवृत्त प्राध्यापकांना सन्मानाची पदवी देतात, त्या यादीतून माझं नाव काढलं गेलं, असं दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर येईल. तर ते मीच सांगितलेलं बरं. दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी त्या पदवीसह नव्याने छापलेली नावाची कार्डं रद्दीत घातली.

मिसाओ निशिओका


२० ऑक्टोबर

बाई,

मी पत्र लिहिण्यात आळशी आहे. संत्री बरी, पेटी भरली की झालं.

तुम्ही एप्रिलमध्ये विचारलं होतं त्याचं उत्तर. थट्टा नव्हती. तुम्ही पहिल्या तासाला सांगितलंत त्या आठवड्यापासून परीक्षेपर्यंत मी अकरा गुरुवार न्यायालयात गेलो. सगळे तसंच बोलायचे. मला वाटलं, यातली खरी मेहनत कागदात आहे, म्हणून मी महिनाभर तो कागद केला. वर्ग हसला तेव्हा काय चुकलं ते मला कळेना. ट्रामने घरी जाताना मनाशी म्हटलं, बाई आज ना उद्या कागद वाचतील आणि बोलावतील. आठवडाभर खोलीवर फोनपाशी बसून होतो. तुम्ही हीटर लावून माझी वाट बघत होतात, हे वाचून मी संत्र्यांच्या शेडमध्ये एकटाच हसलो, आणि मग हसू गेलं.

राग होता. नाही म्हणणार नाही. पहिली पाच-सहा वर्षं चांगलाच होता. नंतर कामं वाढली.

जुलैत तुम्ही मागे बसला होतात हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते वाक्य बोललो नसतो. बरं झालं, माहीत नव्हतं. वार्तापत्राचा कागद मुद्दाम घातलेला नव्हता, आईने गुंडाळलं. फेरी बंद झाली नाही, दिवसाच्या चारपैकी दोन खेपा राहिल्या आहेत.

पदवीचं म्हणाल तर ती घेऊन मी काय संत्र्यांना दाखवू? येणार नव्हतो. पण तुमचं पत्र कियो आजीने वाचलं, माझ्या हातातून ओढून. म्हणाली, "आम्हा त्रेचाळीस जणांचं तू बोललास. तुझं कोण बोलणार, मांजर?"

तेव्हा येतो. पहिल्या फेरीने, सहा चाळीस. आजी, इवाओ काका, हामादा-सान आणि आणखी सहा जण बरोबर आहेत. त्यांना ऐकायचं आहे म्हणे. नको म्हटलं तर काका त्यांच्या होडीने निघायच्या गोष्टी करताहेत. नऊ खुर्च्यांची सोय करा, दोन पाठीला टेकू असलेल्या.

आणि एक. माझ्यावर दया म्हणून सोपे प्रश्न विचारू नका.

शुन्साकु ओची


१२ नोव्हेंबर

शुन्साकु,

काल तू तिथेच होतास, तरी लिहिते. टेबलाच्या माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला कळावं म्हणून.

तुझी माणसं मागे रांगेत बसली. हामादा-सान टाय बांधून आले होते. कियो आजीने भाताचे गोळे बाहेर काढले तेव्हा सेगावा कावराबावरा होऊन म्हणाला, "आजी, परीक्षेच्या खोलीत खाता येत नाही."

"मग लवकर आटपा," आजी म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन बसली.

तू खुर्चीत बसला होतास. केसांत बरेच पांढरे आलेत, ते जुलैत मागच्या रांगेतून दिसले नव्हते. माझ्यापुढे दोन प्रश्न लिहिलेले होते. दोन महिने मी त्यांच्यावर घालवले होते. भाडेकरार कायद्यातले चांगले कठीण प्रश्न, तू सांगितल्यासारखे. कागद उचलला आणि लक्षात आलं की मला हे विचारायचंच नाही. कागद उलटा ठेवला. सेगावाने माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "त्या दिवशी तुमच्याकडे दहा मिनिटं होती. तुम्ही का बोलला नाहीत?"

परीक्षेत 'तुम्ही'च म्हणायचं असतं, म्हणून 'तुम्ही'.

खिडकीकडे नाही, जमिनीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होतास. मग म्हणालास, "बोललो होतो."

एवढंच. आवाज चढवला नाहीस. मागे इवाओ काकांनी घसा खाकरला. सेगावाचं पेन पत्रकावर टेकलेलं होतं, ते हललं नाही. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतकं पुरं उत्तर ऐकलेलं नाही. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत. परीक्षकाने रडू नये असा नियम मी छापलेला नव्हता, नशीब.

नियम चौथ्याप्रमाणे अजून एक प्रश्न विचारायचा होता. मी उठून उभी राहिले. परीक्षक उभा राहून प्रश्न विचारत नाही, मला माहीत आहे. टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि तुझ्यापुढे वाकले, कमरेतून, जमतं तितकं. वाकलेलीच होते तेव्हा विचारलं, "माझं ऐकायचं राहून गेलं. पुन्हा बोलाल का?"

मान वर केली तेव्हा तू खुर्ची मागे सारून उभा राहत होतास. बाह्या आता पुऱ्या होत्या कोटाच्या. तू बोलायला सुरुवात केलीस आणि मी जाऊन मागे बसले, हामादा-सान सरकले तिथे.

तुम्ही सगळे धावतपळत बंदरावर गेलात, म्हणून निकाल कळला नसेल. तू पास झालास. किती गुण ते सेगावा सांगायला आला होता, मी सांगू नकोस म्हटलं. कागद पोस्टाने येईल, त्याचं तुला हवं ते कर.

मी ऐकलं, शुन्साकु. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं ऐकलं.

मिसाओ